चौदाव्या प्रश्नाचा पंचनामा

"अकरा मुलं, अकरा पेपर आणि अकराही पेपरांत तेच एक चुकीचं उत्तर," वाकचौरे साहेब म्हणाले. "मला एवढंच सांगा मॅडम, फळ्यावर लिहून दिलंत की तोंडी सांगितलंत?"

वाकचौरे साहेब तालुक्याचे विस्तार अधिकारी, म्हणजे आमच्यासारख्या शाळा तपासणारे. कुंभारटेकच्या शाळेत ते पहिल्यांदाच आले होते. एरवी आमच्याकडे कोणी अधिकारी फिरकत नसे, कारण डांबरी रस्ता टेकाच्या पायथ्याशी संपायचा आणि पुढची वाट गाढवांनी पाडलेली होती. साहेब ती वाट चालून आले होते, त्यामुळे प्रश्न विचारण्याआधीच तापलेले होते.

आमचे मुख्याध्यापक शिंगटे गुरुजी यांनी साहेबांपुढे चहा ठेवला. तो ठेवताना त्यांनी इतकी घाई केली की निम्मा चहा बशीत आला.

"साहेब, आमच्या शाळेत कॉपी होत नाही," गुरुजी म्हणाले. "कॉपी करायला आधी एकाला तरी यावं लागतं."

गुरुजी मला वाचवायला निघाले होते, हे मला माहीत होतं. पण गुरुजी वाचवायला लागले की माणूस हमखास बुडतो, हेही तीन वर्षांत मला माहीत झालं होतं.

मी तिथे शिक्षणसेविका होते. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढायची, शेरे चांगले पडले की कायम. माझी तीन वर्षं दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी पूर्ण होणार होती. कायम करण्याची फाइल ज्या टेबलावर पडून होती, त्या टेबलामागे बसणारा माणूस आता माझ्या वर्गात बसून सामूहिक कॉपीबद्दल विचारत होता. एक वाईट शेरा पडला असता तर मी थेट माहेरी, आणि माहेरी तर आईनं शेजारणींना मी कायम झाल्याचं सांगूनही टाकलं होतं.

"साहेब, मी काहीच सांगितलं नाही," मी म्हणाले. "ती राज्याची चाचणी होती. सीलबंद पाकीट गुरुजींनी सगळ्यांसमोर फोडलं."

"मग हे काय?" साहेबांनी बॅगेतून कागद काढला. चौथीच्या वर्गाची यादी होती आणि तिच्यात दोन उभे पट्टे लाल होते. "संगणक खोटं बोलत नाही. एका वर्गात सगळ्यांचं उत्तर एकसारखं चुकलं की तो आपोआप लाल करतो. सबंध जिल्ह्यात अशा पाच शाळा आहेत आणि त्यातली एक माझ्या तालुक्यात. आधीच आम्ही शेवटून दुसरे आहोत. नववा प्रश्न आणि चौदावा. बोलवा मुलांना."

मुलांना बोलवायची गरज नव्हती. ती खिडकीत एकावर एक चढून बसलेलीच होती.

चौथीची अकरा मुलं रांगेत उभी राहिली. कुंभारटेकवर राहणारी सगळीच घरं कुंभारांची, त्यामुळे हजेरीत अकराच्या अकरा आडनावं कुंभार. साहेबांनी ती यादी दोनदा वाचली आणि संशयानं माझ्याकडे पाहिलं, जणू आडनावंही मीच सांगितली होती.

"प्रश्न नववा," साहेबांनी वाचलं. "वेगळा घटक ओळखा. ट्रक, गाढव, बस, रिक्षा. तुम्ही सगळ्यांनी 'बस' लिहिलंय. कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई," तेजल म्हणाली. तेजल ही वर्गातली सर्वांत बारकी मुलगी आणि सर्वांत मोठं तोंड. "बशीत माती घेत न्हाईत, सायेब."

"काय?"

"ट्रकातनं माती येती. रिक्षातनं येती. गाढवावरनं तर रोजच येती. बशीत पोतं घिऊन चढलं की कंडाक्टर खाली उतरिवतो. आमच्या आबाला दोनदा उतरिवलंय."

साहेबांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "अगं, गाढव सजीव आहे. बाकीची वाहनं आहेत."

"गाढव बी वाहनच हाय की," मागून एकजण म्हणाला.

गुरुजींना ठसका लागला. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते लगेच आवरलं.

"नववा राहू द्या. चौदावा. एका कुंभाराने २५० पणत्या बनवल्या. एका खोक्यात २५ पणत्या मावतात. तर किती खोके पूर्ण भरतील? पर्याय नऊ, दहा, दोनशे पंचवीस, दोनशे पंचाहत्तर. तुम्ही सगळ्यांनी नऊ लिहिलं. भागाकार येत नाही?"

"येतो की!" अकराही आवाज एकदम आले.

"मग दोनशे पन्नास भागिले पंचवीस?"

"धा!"

"मग नऊ का लिहिलं?"

आता मुलं साहेबांकडे दयेनं बघायला लागली. तेजलनं जबाबदारी घेतली. "सायेब, अडीचशे बनिवल्या. बरूबर? मग वाळिवल्या. मग भट्टी लावली. भट्टीत फुटत्यात की. धा खोकी कुटनं भरनार? नऊ भरतील आनि धाव्यात चार-सा पडतील."

"पणत्या फुटल्याचं प्रश्नात कुठे लिहिलंय?"

"भट्टी लावली असं बी कुटं लिवलंय?" तेजल म्हणाली. "मग कच्च्याच खोक्यात भरायच्या का?"

वाकचौरे साहेब गणिताचे पदवीधर होते, असं मला नंतर कळलं. त्यांनी प्रश्न पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग त्यांनी चहा उचलला आणि आधी बशीतला पिऊन घेतला.

"मॅडम, मला हे पटतंय," ते हळूच म्हणाले. "पण 'पोरीनं सांगितलं आणि मला पटलं' असं लिहून पाठवता येत नाही. पुरावा लागतो. इथे भट्टी कोण लावतं?"

"माझा आबा," तेजल म्हणाली.

"मग ठरलं. उद्या दुपारी माझ्यासमोर अडीचशे कच्च्या पणत्या मोजून भट्टीत घालायच्या. परवा माझ्यासमोर मोजून काढायच्या. दहा खोके भरले नाहीत, तर मुलांचं उत्तर अनुभवाधारित आहे असा पंचनामा करतो आणि तुमच्यावरचा ठपका काढतो. आणि भरले, तर मात्र माझा नाइलाज आहे."

मी जवळजवळ उडीच मारली. भट्टीत पणत्या फुटतात हे टेकावरच्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. माझी नोकरी आता मातीच्या तडकण्यावर अवलंबून होती, आणि माती तडकण्यात आजवर कधी कमी पडली नव्हती.

तेजलच्या आबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, बाळकू कुंभारांना, निरोप द्यायचं काम गुरुजींनी अंगावर घेतलं. मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. पण मला त्या संध्याकाळी आनंदात खोलीवर जाऊन गोड शिरा करायचा होता. तो जरा करपला, पण मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. आबांच्या अंगणात अडीचशे कच्च्या पणत्या मांडून ठेवल्या होत्या. साहेबांनी स्वतः मोजल्या, गुरुजींनी मोजल्या, मी मोजल्या. गुरुजींच्या दोनशे एकोणपन्नास भरल्या, म्हणून सगळ्यांनी पुन्हा मोजल्या. मग आबांनी त्या पेंढ्यात आणि गोवऱ्यांत थरावर थर लावून रचल्या, वरून खापरं घातली आणि सगळ्याला चिखलानं लिंपलं. आबा सत्तरीचे, काटकुळे, पण पणती हातात घेतली की बोटं सोनाराची व्हायची.

"थांबा," साहेब म्हणाले. "सील लागेल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी शाळेकडे पळाले आणि डिंकाची बाटली, कागदाच्या पट्ट्या घेऊन आले. साहेबांनी चार पट्ट्यांवर सही केली, तारीख घातली आणि त्या चिखलावर चिकटवायला लागले. ओल्या चिखलावर कागद चिकटेना. गुरुजींनी डिंक ओतला. डिंक भट्टीवरून ओघळून आबांच्या पायावर आला.

"सायेब, कागुद कशापायी?" आबांनी विचारलं.

"मी आल्याशिवाय कोणी उघडू नये म्हणून."

"आनि जाळ लावल्याव?"

साहेब थबकले. खरं तर तिथेच सगळ्यांनी हसून टाकायला हवं होतं. पण पट्ट्यांवर शासकीय सही होती आणि सही झालेला कागद काढायचा कसा, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी आबांनी जाळ लावला. चौथ्या मिनिटाला पहिलं सील जळलं, सातव्या मिनिटाला चौथं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी वहीत लिहून घेतलं, "सील जळून खाक. हजर साक्षीदार अकरा विद्यार्थी," आणि खाली साहेबांची सही घ्यायला गेले. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की गुरुजींनी ते पान फाडून भट्टीतच टाकलं.

"शिंगटे गुरुजी, आता तुम्हीच इथे राखणीला बसा," साहेब म्हणाले आणि उतरून गेले.

गुरुजी दिवस मावळेपर्यंत धुरात बसले. मग खोकला सुरू झाला म्हणून आबांनीच त्यांना घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही आबांच्या घरी पोचलो, तेव्हा मला काहीतरी गडबड वाटली. अंगण सारवलेलं होतं, वर रांगोळी होती. सगळं टेक गोळा झालं होतं. आबा धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून ताठ उभे होते. भट्टी उघडलेली होती, आणि पडवीत पंचवीस-पंचवीसच्या रांगा करून पणत्या मांडल्या होत्या.

"मी येण्याआधी उघडलीत?" साहेब म्हणाले.

"सायेब, निवाया नगं का? तुमच्या अंगाव राख उडाली असती. म्हनून पहाटंच काढली."

मी रांगा मोजल्या. एक, दोन, तीन. नऊ. दहा. मी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. दहाच.

साहेबांनी पहिल्या पणतीवर टिचकी मारली. खणखणीत वाजली. दुसरी वाजली. तिसरी वाजली. साहेब पक्के निघाले. त्यांनी एकेक पणती उचलून, कडा तपासून, टिचकी मारायला सुरुवात केली. साठाव्या पणतीला त्यांचं नख दुखायला लागलं, म्हणून पुढच्या पणत्या त्यांनी गुरुजींना वाजवायला लावल्या. शंभर. दीडशे. दोनशे. एकही बद्द वाजेना. मी मनातल्या मनात एकेका पणतीला विनवत होते, बाई गं, तडक. तू तरी तडक. पण सगळ्या देवळातल्या घंटेसारख्या वाजत होत्या.

"दोनशे पन्नास," गुरुजी शेवटी म्हणाले आणि मातीच्या ढिगावर मटकन बसले.

"फूट शून्य," साहेब म्हणाले. "दहा खोके पूर्ण."

"सुन्यच!" आबा गरजले. त्यांची छाती धोतराच्या गाठीपर्यंत फुगली होती. "ह्या बाळकूच्या भट्टीत फूट न्हाई, सायेब. लिवा कागदाव. पार कलेक्टरपतूर जाऊ द्या."

बायकांनी तोंडाला पदर लावले. मागून कोणा मुलाचा आवाज आला, "आबा, मागच्या बारीला तर..." आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबलं.

मी गुरुजींना बाजूला घेतलं. "गुरुजी, तुम्ही आबांना काय सांगितलं होतं?"

"सांगितलं की, साहेब तुमच्या पणत्या तपासायला येणार आहेत."

"आणि फुटलेल्या हव्यात, हे?"

"ते कसं सांगणार? कॉपीची भानगड टेकावर कळली असती. तुमचीच अब्रू गेली असती." गुरुजींचे डोळे भरून आले होते. "मी चुकलो का हो?"

मला त्यांच्या डोक्यावर पणत्या फोडाव्याशा वाटल्या. निदान तेवढ्या तरी फुटल्या असत्या.

तेवढ्यात माझा पदर ओढला गेला. तेजल होती. तिनं मुठीत धरलेली एक पणती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाई, ही बगा."

"बघितली. चांगली आहे."

"तसं न्हवं. ही वात ठिवायची चोच बगा." तिनं पणतीच्या चोचीत आपला अंगठा ठेवला. तो तिथे चपखल बसला. "ही मी दाबल्याली हाय. गनपतीच्या सुट्टीत. काल भट्टीत घातलेल्या समद्या आबानं दाबल्याल्या हुत्या. त्येंचा अंगठा केवढा मोटा हाय."

मी रांगांकडे पाहिलं. आता ते अगदी स्वच्छ दिसत होतं. रुंद चोचीच्या पणत्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मधूनमधून बारीक चोचीच्या.

"किती आहेत?" मी विचारलं.

"एकोनीस. म्या मोजल्या. आबानं पहाटं फुटल्याल्या पनत्या गाडग्यात लपिवल्या आनि कोठीतल्या ह्या मांडल्या." तिनं मान खाली घातली. "तुमी सायेबास्नी सांगनार?"

एकोणीस. म्हणजे दोनशे एकतीस. नऊ खोके आणि वर सहा. मुलांचं उत्तर तंतोतंत बरोबर होतं आणि त्याचा पुरावा माझ्या हातात होता. मला फक्त चार पावलं चालून साहेबांना तो अंगठा दाखवायचा होता. मग ठपका नाही, शेरा नाही, दिवाळीनंतर मी कायम.

मी दोन पावलं गेलेही.

"साहेब," मी म्हणाले.

"बोला मॅडम."

आबा साहेबांशेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पणती पाहिली. मग तेजलकडे पाहिलं. त्यांची छाती हळूहळू खाली गेली. सगळं टेक बघत होतं. आबांनी माझ्यासाठी आजवर तीन माठ फुकट घडवून दिले होते आणि मी आजारी पडले तेव्हा गाढवावर बसवून मला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं होतं. ते आठवून नाही, पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, ते मला बघवेना.

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी देऊ का?"

मी पणती तिच्या रांगेत परत ठेवून दिली.

साहेबांनी पंचनामा लिहिला. आबांनी त्यावर सही करायच्या ऐवजी अंगठा दिला आणि तो कागदावर एवढा मोठा उमटला की साहेब क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. निघताना आबांनी त्यांच्या दोन्ही खिशांत पणत्या कोंबल्या. "घरी न्या. सायबीनबाईस्नी द्या."

टेक उतरताना मी साहेबांच्या मागे चालत होते. पुढे चार गाढवं रिकामी खाली चालली होती, त्यांच्या मागोमाग आम्ही. रडायचं नाही असं ठरवल्यामुळे मी वाटेतले दगड मोजत होते.

साहेब मध्येच थांबले. त्यांनी खिशातून एक पणती काढली, उलटीसुलटी केली आणि तिच्या चोचीत आपला अंगठा घालून पाहिला. मावला नाही. दुसऱ्या खिशातली काढली. तिच्यात मावला. दोन्ही पणत्या त्यांनी सावकाश परत खिशात ठेवल्या.

"मॅडम," ते म्हणाले, "पंचनामा पंचनाम्यासारखा राहील. तो मी खालच्या फाइलला लावतो. दुसरी एक सोय आहे. फेरचाचणी. तोच पेपर, तीच मुलं, उद्या दहा वाजता, मी समोर बसतो. संगणकात जुने आकडे जाऊन नवे बसतात. लाल पट्टा गेला की तुमचं काम झालं आणि माझंही."

"पण साहेब, मुलं पुन्हा नऊच लिहितील."

"म्हणून सांगतोय, उद्या जरा लवकर या." साहेब पुढे चालायला लागले. "आणि मुलांना नीट समजावून ठेवा."

त्यांना सगळं कळलं होतं. मलाही कळलं होतं. गाढवांना काय कळलं होतं ते माहीत नाही, पण तीही काही बोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नऊलाच शाळेत गेले. मुलांना दार लावून बसवलं.

"आज तोच पेपर आहे," मी म्हणाले. "नवव्याला गाढव लिहायचं. चौदाव्याला दहा."

"गाढाव येगळं कसं काय, बाई?" एकानं विचारलं. "गाढवाबिगर माती कशी येनार?"

"ते मला माहीत नाही. गाढव लिही."

"आनि चौदाव्याला धा कसं?" तेजलनं विचारलं. "काल तुमी बगितलं न्हवं? एकोनीस फुटल्या."

"बघितलं."

"मग?"

"मग दहा लिही, तेजल."

"पर नऊ हाय त्ये!"

"मला माहीत आहे नऊ आहे!" मी ओरडले. तीन वर्षांत मी तिच्यावर पहिल्यांदाच ओरडले होते. ती दचकली आणि खाली बसली. मी तिच्याजवळ गेले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि आवाज खाली आणला. "हे बघ. पेपरातला कुंभार निराळा आहे. त्याच्या पणत्या फुटत नाहीत."

"कंच्या गावचा हाय?"

"कुठल्याच नाही."

तिनं विचार केला. मग पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

दहा वाजता साहेबांनी स्वतः पेपर वाटले आणि खुर्चीत ताठ बसून राहिले. मुलांनी एकमेकांकडे मान वळवू नये म्हणून गुरुजी मधल्या रांगेत उभे होते. कोणी मान वळवली नाही. त्याची गरजच नव्हती. अकराच्या अकरा मुलांनी नवव्याला गाढव लिहिलं आणि चौदाव्याला दहा. साहेबांनी तिथेच पेपर तपासले आणि अहवालात लिहिलं, "वर्गात सामूहिक कॉपीचा प्रकार आढळून आला नाही."

संगणकानंही काही हरकत घेतली नाही. अकरा मुलांचं एकच उत्तर होतं, पण ते त्याच्या यादीतलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी मुलांकडून कॉपी करवली ती एवढी एकदाच, आणि तीही विस्तार अधिकारी समोर बसलेले असताना.

दिवाळीनंतर मी कायम झाले. गुरुजींनी शाळेत पेढे वाटले आणि दोन पेढे वरचे म्हणून गाढवांनाही चारले. शाळेला 'अ' श्रेणी मिळाली. आबांना माझ्या नोकरीचं काय होऊ घातलं होतं ते कोणीतरी नंतर सांगितलं. ते आठवडाभर माझ्यासमोर आले नाहीत, आणि मग एक दिवस शाळेच्या पायरीवर नवा माठ ठेवून गेले. मी खूष होते, खोटं कशाला सांगू? आईला फोन केला तेव्हा तीही म्हणाली, बरं झालं, मी शेजारणींना आधीच सांगितलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एक उदाहरण घातलं. तीन कोंबड्यांखाली प्रत्येकी बारा अंडी ठेवली, तर एकूण किती पिल्लं निघतील? उदाहरण पुस्तकातलंच होतं. मी पाठ फिरवून खडू खाली ठेवला. सगळी मुलं वहीत मान घालून लिहीत होती, तेजल मात्र पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या घरी पाच कोंबड्या होत्या.

"काय गं?" मी विचारलं.

"बाई," ती म्हणाली, "खरं लिवू का बरूबर लिवू?"

तिनं ते चेष्टेनं विचारलं नव्हतं. वहीत समास कुठे सोडायचा हे विचारावं, तसं विचारलं होतं. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. पुढच्या महिन्यात दुसरी चाचणी होती आणि शाळेची 'अ' श्रेणी टिकवायची होती.

"बरोबर लिही," मी म्हणाले.

तिनं छत्तीस लिहिलं. दुसऱ्या चाचणीत तिला गणितात पैकीच्या पैकी पडले आणि मार्चमध्येही. मधल्या चार महिन्यांत तिनं वर्गात मला एकही प्रश्न विचारला नाही. वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या सुंदर अक्षरात शेरा लिहिला, "आता वर्गात शांत असते. प्रगती उत्तम."